पावसाळ्यातली पागा

मृगाच्या आधी मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात आणि त्यांच्यावर माडाची झापं चढतात. पुढे दोन-अडीच महिने त्या तशाच उभ्या. होडी उभी राहिली तर चालतं. घोडा उभा राहिला तर त्याचे पाय सुजतात.

घोडे पाळणाऱ्यांना ही सूज चांगली ओळखीची. रात्रभर ठाणावर बांधलेल्या जनावराचे मागचे दोन्ही पाय सकाळी खालच्या बाजूला भरलेले दिसतात. अंगठ्याने दाबलं तर खळगा पडतो आणि सावकाश भरून येतो. हाताला चटका लागत नाही, घोडा लंगडतही नाही. थोडा वेळ चालवून आणला की भरलेला पाय उतरतो आणि कातडीखालच्या कंडरा दोरीसारख्या पुन्हा दिसू लागतात. एकच पाय सुजला, तो गरम लागला आणि घोडा टेकवेना, तर मात्र ते दुखणं वेगळं. तिथे चालवणं नव्हे, डॉक्टर हवा.

या सुजेचं मूळ घोड्याच्या बांध्यात आहे. त्याच्या पायाच्या खालच्या भागात मांस जवळजवळ नसतंच. हाड, कंडरा आणि कातडी, एवढंच. माणसाची पोटरी आकसते तेव्हा रक्त वर ढकललं जातं, तशी सोय तिथे नाही. ते काम खूर करतो. पाऊल टेकलं की खुराच्या तळाची लवचीक त्रिकोणी गादी दबते आणि रक्त वर चढतं. घोडा चालतो तोवर हा पंप चालतो. घोडा थांबला की पंप मंदावतो आणि पाझरलेलं पाणी पायात साचत जातं.

आज यावर चुंबकाचे बूट मिळतात. जाड, मऊ कापडात छोटी लोहचुंबकं शिवलेली असतात. ते पायाला गुंडाळायचं आणि वेल्क्रोने घट्ट करायचं. रक्तात लोह असतं, चुंबक ते ओढतं आणि रक्ताभिसरण वाढतं, असं विकणारे सांगतात. पण हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाकडे धावत नाही. 2000 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी घोड्यांच्या पायाला चुंबक बांधून रक्तप्रवाह मोजला. तो वाढलेला आढळला नाही. मग बूट घातल्यावर सूज थोडी कमी दिसते, तिचं श्रेय कुणाचं? गुंडाळीच्या दाबाचं आणि उबेचं असू शकतं, आणि तेवढं साधी लोकरी पट्टीही देते.

कोकणात घोड्याचे पाय सांभाळण्याचा हा प्रश्न जुना आहे, कारण घोडा इथला नव्हेच. तो समुद्रावरून आला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा गलबतात घालून चौलला उतरला आणि तो घेऊन जुन्नरपर्यंत गेला. तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल, अशी अट घातली. महत्प्रयासाने निकितिनला तो परत मिळाला. घोड्यांना इथे हरभऱ्यासारखं कडधान्य आणि तेल-साखर घातलेली खिचडी देतात, हेही त्याने टिपून ठेवलं. परतताना तो दाभोळहून जहाजावर चढला. पुढे पोर्तुगीजांनी हा सगळा व्यापार गोव्याकडे वळवला. 1547 साली विजयनगरशी तह करून त्यांनी गोव्याला उतरणारे घोडे त्याच राज्याला विकायचं कबूल केलं, म्हणजे विजापूरची वाट बंद. आजच्या सिंधुदुर्गाच्या दक्षिण सीमेला लागूनच हा बाजार भरत होता.

एवढ्या मोलाचं जनावर उतरवून घेतल्यावर त्याचं काय होई? 1300 च्या सुमाराचा इराणी इतिहासकार वस्साफ याने पूर्व किनाऱ्यावरची हकीकत लिहिली आहे. तिथे आलेल्या घोड्याला भाजलेलं जव, लोण्यात घोळलेलं धान्य आणि तापवलेलं दूध देत आणि चरबी चढावी म्हणून चाळीस दिवस दोर-खुंट्यांनी तबेल्यात जखडून ठेवत. मग एकदम स्वारी. उत्तमातला उत्तम घोडा थोड्याच काळात निकामी होई, असं तो म्हणतो. परक्याने लिहिलेल्या या मजकुरात अतिशयोक्ती असेलही. पण भरपूर खुराक आणि शून्य चाल ही जोडी घातक, हे त्याने अचूक हेरलं होतं. इंग्लंडातले मोतद्दार पाय सुजण्याच्या एका दुखण्याला सोमवार सकाळचं दुखणंच म्हणत: रविवारी गाडी बंद, चंदी मात्र पूर्ण, आणि सोमवारी पाय खांबासारखा.

कोकणात असा रविवार चार महिन्यांचा असतो. शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत त्याचा विचार पक्का होता. जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद सांगतो, की पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पावसाळ्यात लष्कर आपल्या मुलखात छावणीला येई. त्याच्यासाठी दाणा, वैरण, औषधं आधीच साठवलेली आणि पागा गवताने शाकारलेल्या असत. दसऱ्याला फौज पुन्हा बाहेर पडे. औषधांची नोंद मुद्दाम केलेली आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी.

चिपळूणजवळच्या हलवर्ण मुक्कामी असलेल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्धच आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, या ताकिदीसाठी ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण मुळात ते घोड्यांचं पत्र आहे. पावसाळ्याचे दिवस पुढे आहेत. दाणा-वैरण आत्ताच मन मानेल तशी उधळली तर ऐन पावसात मिळायची नाही, उपास पडतील, घोडी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा रोख. मग तंबाखूच्या चिलमीची आगटी, रात्रभर जळत ठेवलेला दिवा, पेटती वात पळवून गवताच्या गंजीपाशी नेणारा उंदीर, इतक्या बारीकसारीक गोष्टी त्यात येतात. राज्याभिषेकाच्या आगेमागे, मोहिमांच्या धामधुमीत राजाने वातीचा आणि उंदराचा विचार करावा, याचं आजही अप्रूप वाटतं. शिधा मोजून द्यायचा, हा हुकूम साठा पुरावा म्हणून होता. ठाणावर बांधलेल्या घोड्याच्या पायांनाही तोच मानवणारा.

दक्षिण कोकणात मात्र सत्तेचा भार घोड्यापेक्षा गलबतावर राहिला. 1664 च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. त्याच सुमाराला कुडाळच्या मुलखात विजापूरच्या खवासखानाशी लढाई झाली आणि घाट उतरून आलेल्या घोडदळाच्या टापा इथल्या जांभ्यावर वाजल्या. जांभा खडबडीत, पावसात शेवाळून निसरडा. नालबंदाचं मोल अशा जमिनीवर कळतं.

घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत. हा शब्द अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून आला. तंजावरच्या मराठ्यांनी जपलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावरचं सचित्र अश्वशास्त्र आहे. ते 1952 साली छापलं गेलं. इंग्रजी अमलात पुण्याला 1862 साली लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, 1886 साली मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय. विद्या बदलली, पण पाय धुणं, मालीश, पट्टी आणि फेरी ही मोतद्दाराची कामं तशीच राहिली.

समुद्राचाही उपयोग आहे. इंग्लंडातल्या साउथपोर्टच्या किनाऱ्यावर रेड रम नावाच्या, खुराच्या हाडाचं दुखणं असलेल्या घोड्याला त्याचा प्रशिक्षक रोज ओल्या वाळूत पळवी आणि खाऱ्या पाण्यात चालवी. त्या घोड्याने 1973, 1974 आणि 1977 साली ग्रँड नॅशनल जिंकली. गार पाणी, पाण्याचा दाब आणि चाल, तिन्ही एकाच जागी मिळत. तारकर्लीची ओहोटीनंतरची घट्ट, ओली वाळू पाहिली की या गोष्टीची आठवण होते.

मुंबईतल्या शर्यतीच्या घोड्यांचा वर्षाचा क्रम अजूनही जुन्या फौजेसारखा आहे. हिवाळ्यात महालक्ष्मी, पावसाळा लागला की घाट चढून पुणे, जिथलं रेसकोर्स 1830 सालचं. दिवसाचा बहुतेक वेळ तबेल्यात उभं राहणाऱ्या या घोड्यांचा दिवस पहाटे सुरू होतो. मोतद्दार वाकून चारही पायांवरून तळहात फिरवतो, कुठे भरलंय का, कुठे गरम लागतंय का, ते बघतो. मग लगाम हातात धरून घोड्याला बाहेर काढतो आणि भिजलेल्या जमिनीवर दोघं गोल फेरीला लागतात.