निअँडरथलांचे मुक्काम

स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळच्या कापेयादेस गावी आब्रिक रोमानी हा निअँडरथल मानवांच्या मुक्कामाचा कातळाचा आडोसा आहे. १९०९ मध्ये तो उजेडात आला आणि १९८३ पासून तिथे पद्धतशीर उत्खनन चालू आहे. पाण्यातला चुना साचून इथे ट्रॅव्हर्टाइनचे थर बनले, त्यामुळे एका काळातली वस्ती दुसऱ्यापासून वेगळी राहिली. असे भाग्य थोड्याच जागांना लाभते. एरवी शेकडो वर्षांचा कचरा एकाच थरात मिसळतो आणि मूठभर माणसांचे पुन्हापुन्हा केलेले मुक्काम मोठ्या टोळीची वसाहत वाटू लागतात.

म्हणून दगडाची प्रत्येक कपची, हाडाचा प्रत्येक तुकडा जागच्या जागी मोजून नोंदवतात. मग कपच्या एकमेकींना जुळवून पाहतात. दोन शेकोट्यांजवळच्या कपच्या एकाच दगडाच्या निघाल्या, तर त्या जागांचा संबंध लागतो. मात्र जुना दगड नंतर आलेल्यांनीही उचललेला असू शकतो. राखेखालच्या मातीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, की राख तुडवली गेली का, हेही कळते.

सुमारे ५५ हजार वर्षांपूर्वीच्या एका थरात भिंतीलगत लहान शेकोट्यांची ओळ सापडली. ती झोपण्याची जागा असावी, असे संशोधक मानतात. तर्क पटण्याजोगा आहे, पण तर्कच.

शेकोट्यांमधल्या काळाचा हिशेब अलीकडे चुंबकत्वाने लागू लागला. आग विझताना मातीतले लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची नोंद ठेवतात. आलिकांते प्रांतातल्या एल साल्त इथल्या सहा शेकोट्यांवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या आणि शेवटच्या शेकोटीत किमान २०० वर्षांचे अंतर निघाले.