घरातील गळक्या व नादुरुस्त खिडक्यांची दुरुस्ती : संकठा घाट परिसरातील रहिवाशांसाठी माहिती

काशीच्या संकठा घाटावर, शेजारच्या शिंदे घाट व भोसले घाटाच्या गल्ल्यांत आणि पुढे दुर्गाघाट, ब्रह्माघाटापर्यंत अनेक जुनी घरे आहेत. त्यांपैकी काहींत मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहतात. पावसाळ्यात या घरांची एक नेहमीची तक्रार असते: नदीकडच्या खिडकीतून पाणी आत येते, चौकट कुजते आणि भिंतीला ओल धरते. खिडकी का गळते, ती कशी दुरुस्त करावी, खर्च कोणी करायचा आणि कोणत्या परिस्थितीत शासकीय मदत मिळते, ही माहिती या लेखात दिली आहे. दुरुस्तीची माहिती इतर ठिकाणच्या लाभार्थ्यांनाही उपयोगी पडेल.

नदीकडच्या खिडक्या जास्त का गळतात?

- वाराणसीचे घाट गंगेच्या पश्चिम काठावर असून त्यांचे तोंड पूर्वेला आहे. पावसाळ्यात गंगेच्या मैदानात वारा बहुतेक वेळा पूर्वेकडून येतो, त्यामुळे पावसाचा मारा थेट नदीकडच्या खिडक्यांवर होतो.
- जुन्या भिंती लहान विटांच्या (लखौरी) किंवा चुनारच्या वालुकाश्माच्या असून चुन्यात बांधलेल्या आहेत. अशी भिंत ओल शोषते आणि हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच अडकते आणि चौकटीचे लाकूड कुजते.
- उन्हाळ्यात लाकूड आकसते व पावसाळ्यात फुगते. त्यामुळे चौकट आणि भिंत यांच्यामध्ये फट पडते.
- माकडांमुळे तावदाने फुटतात व छज्जे सैल होतात.

पाणी नेमके कुठून येते ते आधी शोधा

ओल दिसते ती जागा आणि पाणी शिरते ती जागा बहुधा वेगळी असते. कोरड्या दिवशी पुढील चाचणी करा. एकाने आत थांबावे व दुसऱ्याने बाहेरून पाणी ओतावे. बाहेर सुरक्षित उभे राहायला जागा नसेल तर वरच्या खिडकीतून किंवा गच्चीवरून नळीने पाणी सोडावे.

1. प्रथम फक्त खिडकीखालच्या दगडावर पाणी ओता व काही मिनिटे थांबा.
2. नंतर चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या फटींवर ओता.
3. त्यानंतर तावदानांच्या कडांवर ओता.
4. शेवटी खिडकीवरच्या छज्जावर ओता.

ज्या पायरीला आत पाणी दिसेल तिथेच दोष आहे. खालून वर जाणे महत्त्वाचे आहे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली येते आणि काहीच कळत नाही.

खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीत तिरपी चीर गेली असेल, चौकट वाकली असेल किंवा पूर्वी नीट लागणारी झडप अचानक अडकू लागली असेल, तर भिंत सरकत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी चीर बुजवू नका. आधी अभियंत्याकडून तपासणी करून घ्या.

लाकडी खिडकीची दुरुस्ती

तावदाने: जुनी, तडकलेली लांबी पटाशीने काढा. खाच कोरडी करून तिला प्रायमर लावा, मग नवी लांबी भरून काच बसवा. लांबी बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा आणि ती वाळल्यावर रंग द्या. रंग काचेवर किंचित चढला पाहिजे, म्हणजे पाणी आत झिरपत नाही.

कुजलेली चौकट: चौकटीचा खालचा भाग आधी कुजतो. अणकुचीदार साधन टोचून पाहा. ते सहज आत गेले तर लाकूड कुजलेले आहे. संपूर्ण चौकट बदलण्याची गरज नेहमी नसते. निरोगी लाकूड लागेपर्यंत कुजका भाग तिरपा कापून त्या जागी नवा तुकडा जोडता येतो. सुतार हे काम करू शकतो. भिंतीला टेकणाऱ्या बाजूलाही प्रायमर लावण्यास सांगा. वाळवी असल्यास तिचा बंदोबस्त आधी करा.

चौकट व भिंत यांतील फट: चुन्याच्या भिंतीत चुना व सुरखीचा मसाला वापरावा आणि तो काही दिवस ओलसर ठेवावा. सिमेंट-विटांच्या भिंतीत सिमेंटचा मसाला चालतो. अगदी बारीक फटीत सिलिकॉन भरता येते, पण जागा पूर्ण कोरडी हवी. ओल्या लाकडावर ते धरत नाही. चुन्याचे काम करताना हातमोजे वापरा व डोळे जपा.

खिडकीखालचा दगड: त्याला बाहेरच्या बाजूला उतार असावा. छज्जा व या दगडाच्या खालच्या बाजूस, कडेजवळ, एक उथळ खाच असावी. पाणी या खाचेपाशी थेंबाथेंबाने खाली पडते आणि भिंतीकडे वळत नाही. खाच बुजली असेल तर मोकळी करा. या एकाच कामाने अनेक खिडक्या गळायच्या थांबतात.

अडकणारी झडप: पावसाळ्यात फुगलेली झडप लगेच रंध्याने तासू नका. लाकूड सुकल्यावर तिथे मोठी फट राहील. आधी बिजागरीचे स्क्रू घट्ट करा आणि तासायचे असल्यास कोरड्या दिवसांची वाट पाहा.

ॲल्युमिनियमची सरकती खिडकी

खालच्या पट्टीत पाणी बाहेर जाण्यासाठी लहान भोके असतात. ती धूळ व मातीने बुजली की पाणी खोलीत येते. पावसाळ्यापूर्वी ती तारेने मोकळी करा. रबराची पट्टी कडक झाली असेल किंवा ब्रशची पट्टी झिजली असेल तर बदला. त्यानंतरही गळत असेल तर चौकट व भिंत यांच्यातील जोड तपासा.

दुरुस्ती केव्हा करावी?

एप्रिल, मे व जूनचा पूर्वार्ध हा योग्य काळ आहे. वाराणसीत मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या उत्तरार्धात पोहोचतो. पुराचे पाणी खिडकीपर्यंत आले असेल तर ओसरल्यावर लगेच गिलावा किंवा रंग करू नका. झडपा उघड्या ठेवून भिंत वाळू द्या. वाराणसीत गंगेची इशारा पातळी 70.262 मीटर व धोका पातळी 71.262 मीटर आहे. 1978 च्या सप्टेंबरमध्ये पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते. धोका पातळी जवळ येत असेल तर सुरू असलेले काम थांबवा.

सुरक्षिततेसाठी

- नदीकडच्या उंच खिडकीतून बाहेर वाकून काम करू नका. बाहेरचे काम परांची बांधूनच करून घ्या.
- जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नका, ओला करून खरवडा. त्या वेळी लहान मुले व गरोदर महिलांना दूर ठेवा. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसे असण्यास मनाई आहे. नवा रंग घेताना डब्यावरील सूचना वाचा.

खर्च कोणी करायचा?

स्वतःचे घर: खर्च मालकाचा. घर अनेक वारसांच्या नावे असेल तर काम सुरू करण्यापूर्वी सर्वांची लेखी संमती घ्या.

भाड्याचे घर: वाराणसी शहरात उत्तर प्रदेश नागरी परिसर भाडेकरार विनियमन अधिनियम 2021 लागू आहे. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामांची वाटणी दिली आहे. भाडेकरारात वेगळे ठरले नसेल तर ती अशी:

- घरमालकाची जबाबदारी: बांधकामाची मुख्य दुरुस्ती (भाडेकरूने केलेले नुकसान सोडून), दारे-खिडक्यांची रंगरंगोटी.
- भाडेकरूची जबाबदारी: खिडक्यांची तावदाने बदलणे, कड्या, मुठी व कुलुपांची दुरुस्ती, जाळ्या बदलणे.

म्हणजेच फुटलेली काच तुम्ही बसवायची, तर भिंत किंवा छज्जा यांतून येणारे पाणी घरमालकाने थांबवायचे. मागणी लेखी करा व तिची प्रत जवळ ठेवा.

विकासकाकडून घेतलेली नवी सदनिका: प्रकल्प रेराखाली नोंदणीकृत असेल तर ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत आढळलेला बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. तक्रार दिल्यापासून त्यासाठी 30 दिवसांची मुदत आहे. गळकी खिडकी अशा दोषांत येऊ शकते. महाराष्ट्रातील सदनिकाधारकांनाही हा नियम लागू आहे.

शासकीय मदत केव्हा मिळते?

1. नैसर्गिक आपत्तीत घराचे नुकसान
पूर, आग, गारपीट, भूकंप अशा अधिसूचित आपत्तींत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते. उत्तर प्रदेशात अतिवृष्टी, वादळ व वीज पडणे यांचाही राज्य आपत्तींत समावेश आहे. 2022-23 ते 2025-26 या काळासाठी ठरलेले दर असे:

- पक्क्या घराचे किमान 15 टक्के नुकसान: ₹6,500
- कच्च्या घराचे किमान 15 टक्के नुकसान: ₹4,000
- पूर्णपणे पडलेले घर: सपाट प्रदेशात ₹1,20,000

घर अधिकृत असणे आवश्यक आहे. केवळ एखादी खिडकी फुटल्यास 15 टक्क्यांची अट पूर्ण होत नाही. खिडकीसोबत भिंत किंवा छत पडले असेल तर मात्र अर्ज जरूर करा. अर्ज करताना चालू दर तहसील कार्यालयात विचारून घ्या.

2. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 2.0
ही योजना 1 सप्टेंबर 2024 पासून सुरू आहे. स्वतःच्या जागेवर नवे घर बांधण्यासाठी केंद्राकडून ₹1.50 लाख व राज्याकडून किमान ₹1 लाख मिळतात. कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात कुठेही पक्के घर नसावे, तसेच मागील 20 वर्षांत गृहनिर्माण योजनेचा लाभ घेतलेला नसावा. जुन्या पक्क्या घराच्या खिडक्या दुरुस्त करण्यासाठी या योजनेतून पैसे मिळत नाहीत. तसे सांगून कोणी पैसे मागितल्यास देऊ नका.

3. पीएम विश्वकर्मा योजना
ही योजना घरमालकांसाठी नसून कारागिरांसाठी आहे. तुम्ही स्वतः सुतार किंवा गवंडी असाल तर प्रशिक्षण, अवजारांसाठी ₹15,000 पर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ₹3 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते.

नुकसानीचा अर्ज कसा करावा?

1. दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी आतून व बाहेरून छायाचित्रे काढा. पडलेले साहित्य पंचनामा होईपर्यंत ठेवा. धोकादायक भाग मात्र लगेच हलवा.
2. लेखपालास (महाराष्ट्रात तलाठी) किंवा तहसील कार्यालयास लेखी कळवा. उत्तर प्रदेशात आपत्ती मदत क्रमांक 1070 आहे.
3. पाहणीच्या वेळी घरी हजर राहा. नुकसान किती टक्के लिहिले आहे ते विचारा.
4. आधार कार्ड, बँक पासबुक, घरपट्टीची पावती किंवा मालकीचा पुरावा आणि छायाचित्रे द्या. पोच घ्या.
5. नाव वगळले गेल्यास उपजिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. मुख्यमंत्री हेल्पलाइन 1076 वरही तक्रार नोंदवता येते.

परवानगी लागते का?

काच, लांबी, रंग व त्याच मापाची झडप बदलणे ही किरकोळ दुरुस्ती आहे. परंतु गंगेच्या काठापासून 200 मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर कडक निर्बंध आहेत. नवी खिडकी काढणे, खिडकी मोठी करणे किंवा छज्जा वाढवणे यांपूर्वी वाराणसी विकास प्राधिकरणाकडे लेखी विचारणा करा. घराला महानगरपालिकेची जर्जर इमारतीची नोटीस (उत्तर प्रदेश महानगरपालिका अधिनियम 1959, कलम 331) आली असेल तर केवळ खिडकी दुरुस्त करून भागणार नाही. नोटिशीला मुदतीत उत्तर द्या.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दुरुस्ती आधीच केली. आता मदत मिळेल का?
पंचनामा झाला नसेल तर नुकसान सिद्ध करणे कठीण जाते. दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे, साहित्याच्या पावत्या व शेजाऱ्यांचे जबाब घेऊन तहसील कार्यालयात जा.

मी भाडेकरू आहे. घराच्या नुकसानीची मदत मला मिळेल का?
घराच्या नुकसानीसाठी मालकीचा पुरावा मागितला जातो. पुरात कपडे व भांडी वाहून गेली असतील तर त्यासाठी वेगळी मदत असते. पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्या.

अर्जासाठी शुल्क आहे का?
नाही. आपत्ती मदतीच्या अर्जासाठी शुल्क नाही. मंजूर रक्कम थेट बँक खात्यात जमा होते.