तटावांचून वाडा : गणेशखिंडीचें गव्हर्नमेंट हाउस

व्हिक्टोरिया राणीच्या काळांत विलायतेंतील धनिकांना किल्ल्यांचें मोठें वेड लागलें होतें. स्कॉटलंडच्या दूरदूरच्या बेटांवरहि चर्या व बुरूज लावलेले टोलेजंग वाडे उठले. त्या चर्यांआडून लढावें असा कोणाचाच हेतु नव्हता. होटगीहून सोलापुरास जाऊन ज्यानें तेथील भुईकोट पाहिला आहे, त्याला हा भेद समजावून सांगावयास नको. सोलापूरचे दुहेरी तट आणि खंदक शत्रूसाठीं होते. तिकडचे बुरूज पाहुण्यांसाठीं.

मुंबईच्या गव्हर्नरानें पुण्याजवळ गणेशखिंडींत स्वतःसाठीं प्रासाद बांधविला तो मात्र या फॅशनच्या उलट. वास्तविक जागा रणांगणाची. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या लढाईंत बापू गोखल्यांचें सैन्य याच परिसरांतून पुढें सरसावलें होतें आणि दुसरा बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. त्याच महिन्यांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. पुढें अर्धशतकहि उलटलें नाहीं तोंच, १८६४ मध्यें, सर बार्टल फ्रिअर यांनीं येथें बांधकामास हात घातला. फ्रिअर हे तट पाडणारे गव्हर्नर. मुंबईच्या कोटाच्या भिंती त्यांच्याच कारकीर्दींत जमीनदोस्त झाल्या. आणि त्या कामासाठीं नेमलेल्या समितीचे वास्तुतज्ज्ञ जेम्स ट्रबशॉ यांनींच गणेशखिंडीचा आराखडा केला.

आराखड्याचा नमुनाहि एका बेटावरचाच. आइल ऑफ वाइटवर प्रिन्स अल्बर्ट यांनीं थॉमस क्यूबिट यांच्या हातून १८४५ ते १८५१ या काळांत ऑस्बर्न हाउस बांधविलें. त्याचा थाट इटालियन : चौकोनी मनोरा, कमानींच्या ओळी, मोकळ्या गच्च्या. याच अल्बर्टना स्कॉटलंडांत बाल्मोरल उभारतांना मात्र बुरुजांवांचून करमलें नाहीं. ऑस्बर्नची ही धाटणी दक्षिणेच्या उन्हापावसास अधिक मानवते. पुण्याचा पावसाळा हाच गव्हर्नरसाहेबांच्या मुक्कामाचा काळ; कमानींच्या ओवरींतून झड आंत न येतां वारा मात्र खेळतो. विलायती चित्र गिरवतांना देशी गरज भागली, ती अशी. देवाणघेवाण एकाच दिशेची राहिली नाहीं, हेंहि लक्षांत ठेवावें. १८९० च्या सुमारास ऑस्बर्नमध्यें राणीसाठीं जो दरबार हॉल झाला, त्याची कलाकुसर पंजाबच्या भाई राम सिंग यांची होती.

१८६५ मध्यें अमेरिकेंतील यादवी संपून कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईची पेढ्यापेढ्यांवरची श्रीमंती ओसरली. गणेशखिंडीचें काम तरीहि चालूच राहिलें. तें १८७१ मध्यें पुरें होईतों खर्चानें मर्यादा ओलांडली होती व त्याबद्दल पार्लमेंटांत टीकाहि झाली.

जिंकलेल्या मुलखांत आतां तटाची गरज नाहीं, हा विश्वास या मोकळ्या कमानींत आहे. २२ जून १८९७ च्या रात्रीं राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ येथेंच झाला. प्लेगच्या बंदोबस्तामुळें पुण्यांत असंतोष धुमसत होता. समारंभाहून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावला. रँड ३ जुलैला. दामोदर चापेकर १८९८ च्या एप्रिलमध्यें फांसावर चढले. पुढल्या वर्षीं बाळकृष्ण व वासुदेव हे त्यांचे बंधूहि.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्यें, पुणें विद्यापीठ स्थापन झालें. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरु झाले आणि हा प्रासाद विद्यापीठाची मुख्य इमारत बनला. २०१४ पासून तें विद्यापीठ सावित्रीबाई फुले यांच्या नांवानें ओळखलें जातें.