आठव्या नंबरच्या शेजारचा माणूस

'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकाने २००३ साली सर्वश्रेष्ठ शंभर गिटारवादकांची यादी छापली. पुढे २०११ आणि २०२३ मध्ये नव्या याद्या निघाल्या, शेवटची तर २५० जणांची. तरी मेसमध्ये वाद पेटतो तो अजून पहिल्या यादीवरूनच. तिने सोयच तशी करून ठेवली आहे. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर ८२वा, हेवी मेटल ज्याच्या गिटारमधून निघालं तो टोनी आयोमी ८६वा, एडी व्हॅन हेलन ७०वा. आणि मोजक्या कॉर्ड्स झोडपत राहणारा जॉनी रमोन १६वा! आमचा एक कॅप्टन परवा गिल्मरच्या बाजूने इतका तापला की मेस हवालदाराने हळूच दार लोटून घेतलं.

गिल्मर मलाही आवडतो. माझं भांडण वेगळं आहे.

खडकवासला आणि देहरादून मिळून चार वर्षं ऑर्डर ऑफ मेरिटच्या छायेत काढलेल्या माणसाला याद्यांचा स्वभाव कळतो. यादी खोटी नसते, पण जे मोजायचं ठरलं तेवढंच ती मोजते. क्रॉस-कंट्रीला जास्त गुण ठेवले की पळणारा वर येतो. म्हणून यादी हाती आली की मी आधी सिलॅबस बघतो. २००३च्या यादीचा सिलॅबस उघड आहे: अमेरिका आणि ब्रिटन, रॉक आणि ब्लूज, आणि बहुतेक करून विजेवर चालणारी गिटार. १९२८च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाल्यावर उरलेल्या दोन बोटांनी युरोपातल्या जॅझ गिटारचा पाया घालणारा जँगो राइनहार्ट त्यात नाही. सिस्टर रोझेटा थार्पही नाही. शंभरात बायका दोनच, जोनी मिचेल आणि जोन जेट. २०२३च्या यादीत मात्र थार्पबाई थेट सहाव्या आल्या. १९७३ साली वारलेल्या बाईंनी मधल्या वीस वर्षांत नवं काही वाजवलं नव्हतं, सिलॅबस बदलला.

आता पहिले दहा बघा. ड्युएन ऑलमन दुसरा, रॉबर्ट जॉन्सन पाचवा, राय कूडर आठवा. या तिघांना जोडणारी गोष्ट म्हणजे स्लाइड. तारेवर बोट दाबून धरण्याऐवजी काच किंवा धातूची नळी तारेवरून सरकवायची, म्हणजे सूर पायऱ्यांनी न चढता घसरत जातो. ऑलमन त्यासाठी औषधाची रिकामी बाटली बोटात घालायचा. म्हणजे पहिल्या दहातले तिघे ज्या कसबासाठी वाखाणले गेले, ते कसब ज्यांनी जगभर नेलं त्या हवाईच्या लोकांपैकी एकही जण शंभरात नाही.

हवाई बेटांवर गिटार पोचली ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात, मेक्सिकोकडून आलेल्या गुराख्यांबरोबर. १८८०च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवर पोलादी कांब फिरवायला सुरुवात केली. (भारतात जन्मलेल्या गॅब्रिएल डेव्हिऑन नावाच्या एका खलाशाने हे आधीच केलं होतं, अशीही एक कथा तिकडे आहे. आपल्याला ऐकायला गोड वाटते; मी तिच्यावर इमारत बांधणार नाही.) १९०४ मध्ये केकुकू बेटं सोडून अमेरिकेत आणि पुढे युरोपात वाजवत हिंडला. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनानंतर तर हवाईयन गिटारचं वेडच पसरलं. ब्लूजवाल्यांची स्लाइड हवाईकडून आली की आफ्रिकेतून आलेल्या एकतारी वाद्यांपासून, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण डब्ल्यू. सी. हँडीने मिसिसिपीतल्या एका स्टेशनवर सुरी तारेवर दाबून वाजवणारा माणूस ऐकला, तेव्हा ते सांगताना त्यालासुद्धा हवाईयन वादकांचीच उपमा सुचली.

याहून मोठा पुरावा विजेचा आहे. बँडमध्ये मांडीवरच्या गिटारचा आवाज दबून जायचा. तो वाढवण्यासाठी जॉर्ज बोशां या स्वतः हवाईयन गिटार वाजवणाऱ्या माणसाने धडपड केली आणि १९३२ मध्ये रिकनबॅकरची विजेची गिटार बाजारात आली. ॲल्युमिनियमची, दिसायला तव्यासारखी, म्हणून नावच पडलं 'फ्राइंग पॅन'. ती मांडीवर ठेवूनच वाजवायची होती. लिओ फेंडरनेही गिटार बनवायला सुरुवात केली ती मांडीवरच्याच प्रकारापासून. मग १९५४ची स्ट्रॅटोकास्टर आली, आणि तीच पुढे जिमी हेंड्रिक्सच्या हातात गेली.

हेंड्रिक्स पहिला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तो आपलाही माणूस. १९६१ मध्ये सैन्यात भरती होऊन तो १०१व्या एअरबोर्नचा पॅराट्रूपर झाला आणि वर्षभरात घरी गेला. शिपाई म्हणून वरिष्ठांचं त्याच्याबद्दल मत काही बरं नव्हतं. माझ्या कंपनीत असता तर मीही वैतागलो असतो. पण त्याची गिटार ज्या वाटेने आली ती वाट यादीत कुठेच दिसत नाही, हे मला खटकतं.

त्या वाटेचा एक फाटा, सध्या माझं पोस्टिंग आहे त्या कोलकात्यात येतो. १९४०च्या दशकात तौ मो हा हवाईयन वादक आपलं कुटुंब घेऊन इथे राहिला. महायुद्धाचे दिवस, शहर दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी भरलेलं. मो वाजवायचा आणि शिकवायचाही. बंगाल्यांनी ही गिटार अशी उचलली की रवींद्रसंगीत तिच्यावर वाजू लागलं आणि काझी नझरुल इस्लाम यांचा मुलगा काझी अनिरुद्ध तिचा नावाजलेला वादक झाला. नवल नाही. पडद्यांच्या गिटारवर मींड काढताना तार ओढून जीव जातो. कांब फिरवली की ती आपोआप येते. विचित्र वीणेवर काचेचा गोळा फिरवणाऱ्या देशाला हे ओळखीचंच होतं.

पुढचं पाऊल टाकलं ते जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी. ते उस्ताद अली अकबर खाँचे शिष्य. त्यांनी त्या गिटारला चिकारी दिली आणि तिच्यावर आलाप-जोड-गतीसकट पूर्ण राग मांडला. १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड आपल्याकडे कितीतरी घरांत होती. संतूर शिवकुमारांचं आणि बासरी हरिप्रसादांची हे कुणीही सांगतं. तिसरं नाव विचारलं की गप्प. तिसरे काब्रा. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते आणि ती रेकॉर्ड घडवून आणणारे एचएमव्हीचे जी. एन. जोशी, म्हणजे आपल्या भावगीतांचे जी. एन. जोशी. मग अमेरिकी मासिकाला एकट्याला काय बोलायचं? आपल्याच घरातल्या रेकॉर्डवरचा गिटारवाला आपण विसरलो.

गंमत म्हणजे यादीत ८१वा असलेला डेरेक ट्रक्स आपल्या स्लाइडवर अली अकबर खाँच्या सरोदची छाप असल्याचं सांगत आला आहे. म्हणजे काब्रांचाच गुरू. पण त्या सरोदवरून गिटारवर सर्वात आधी चालत गेलेला माणूस यादीबाहेर.

सिलॅबसचा सर्वात मोठा घोटाळा मात्र आठव्या नंबरपाशी आहे. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या एका चॅपेलमध्ये राय कूडर आणि जयपूरचे विश्वमोहन भट्ट समोरासमोर बसले. एकाच्या हातात बॉटलनेक गिटार, दुसऱ्याच्या मांडीवर तरफेच्या तारा लावलेली मोहनवीणा. दोघांची ओळख त्याच दिवशीची. तबल्यावर सुखविंदर सिंग, आणि कूडरचा १४ वर्षांचा मुलगा जोआकिम दुंबेक नावाच्या अरबी तालवाद्यावर. त्यातून 'अ मीटिंग बाय द रिव्हर' झाली आणि १९९४चं ग्रॅमी दोघांना मिळालं. त्याच वर्षी कूडरची मालीच्या अली फर्का तुरेबरोबरचीही रेकॉर्ड आली. तुरे यादीत ७६वा आहे, त्याचा आनंदच आहे. भट्ट मात्र शंभरात कुठेच नाहीत. ती रेकॉर्ड डोळे मिटून ऐका आणि आठवा कोण, अदखलपात्र कोण, ते ओळखून दाखवा. मींड कुणाची जास्त खोल जाते याबद्दल माझं मत ठाम आहे, आणि ते कूडरच्या बाजूचं नाही.

तेव्हा माझी दुरुस्ती अशी. सातव्या जागी २०१८ मध्ये गेलेले काब्रा. सध्या तिथे असलेला स्टीव्ही रे वॉन एक पायरी उतरून आठवा. नववा कूडर, आणि त्याच्या शेजारी दहाव्या खुर्चीत भट्ट. यात जिमी पेज आणि कीथ रिचर्ड्स पहिल्या दहाच्या बाहेर जातात. जाऊ देत.