दारावरचा पोचा

गाडीच्या दाराला पडलेल्या खळग्याला गॅरेजात सर्रास 'डेंट' म्हणतात. मराठीत मात्र हंड्या-कळश्यांच्या घरातून आलेला 'पोचा' हा शब्द आधीपासून होता. पोचे काढण्याच्या धंद्याचे मूळ शोधताना पिंपरी-देहूरोड-चाकणच्या पट्ट्यात लोक कारखान्याकडे बोट दाखवतात: १९६६ साली पिंपरीत टेल्को आली, २००९ साली चाकणला फोक्सवॅगन, आणि मागोमाग डेंटर-पेंटर. मला हे उलटे वाटते. कारखाना दार छापतो, पोचा काढत नाही. पोचा काढणारा लागतो तो रस्त्याला, आणि देहूरोडला लष्करी डेपो आणि जुना मुंबई-पुणे रस्ता हे दोन्ही टेल्कोच्या आधीचे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा पिंपरीत टेल्कोचा पत्ताही नव्हता.

हातोडीला खरा भाव दिला तो टंचाईने. फियाट किंवा अँबॅसेडरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसायचे, त्या काळात लहानशा पोच्यापायी दार बदलणे म्हणजे चैन. मग डेंटर दाराचे आतले पॅड काढी, एका बाजूला डॉली, म्हणजे गुळगुळीत लोखंडी ठोकळा, धरी आणि दुसऱ्या बाजूने हातोडी चालवी. नवशिका थेट मधोमध घाव घालतो. जाणता आधी पोच्याभोवतीची उचललेली कड बसवतो, कारण पत्रा अडकून पडलेला असतो तो तिथे. मध्ये फार ठोकले की पत्रा ताणला जातो, ढिला पडतो, बोटाने दाबला की टपकन आत-बाहेर होतो; मग गॅसच्या ज्योतीने तापवून, ओले फडके लावून तो आकसवावा लागतो. त्यानंतर लांबी, म्हणजे खळगा भरायचा लगदा, मग पॉलिश पेपर, प्रायमर, रंग.

आता हात गेला, उरली फक्त लांबी, अशी तक्रार ऐकू येते. ती अर्धी खरी आहे. पण पत्राही पूर्वीचा राहिलेला नाही: तो पातळ झाला, आणि काही गाड्यांच्या दारांचे पोलाद तर रंगाच्या भट्टीत आणखी कडक होते. दाराच्या पोटात धक्का सोसणारी आडवी तुळई असते. हात शिरायला जागा कुठे? विम्याचाही हिशेब आहेच. विनादावा सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पाच वर्षांनी ५० टक्के; बारीक पोच्यासाठी ती कोण घालवील? म्हणून ते काम रस्त्याकडेच राहिले.

त्यातली सगळ्यात नवी रीत, रंग न काढता पोचा काढण्याची, मला कसबा पेठेतल्या तांबट आळीच्या जवळची वाटते. तांबे तापवून मऊ करता येते, रंगवलेले दार नाही. शिवाय तांबटकी घराण्यातून आली आणि डेंटिंग उस्तादाच्या हाताखाली, असा आक्षेप कोणी घेईल. तो मान्य. वंशावळ जोडण्याचा माझा हट्ट नाही, पण हिशेब एकच आहे: धातू कुठे गेलेला नाही, नुसता सरकला आहे; त्याला थोडथोडे परत आणायचे. रंग तडकला नसेल आणि पोच्याला धारदार मोड नसेल, तरच हे जमते. काचेच्या फटीतून लांब सळई आत घालायची, मागून हलके हलके दाबायचे, आणि नजर दारात पडलेल्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबावर ठेवायची. पोच्यापाशी ती रेघ वाकते. सरळ झाली की सळई बाहेर.