अंगावरचे वस्त्र आणि विजेची प्रज्योत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते यंत्राची माहिती सांगण्यापूर्वी ते यंत्र चालविणाऱ्या माणसाविषयी विचारीत. त्यांची ती रीत स्मरून मी आज एका साध्या वस्तूचा इतिहास मांडणार आहे. ती वस्तू म्हणजे विजेचे काम करणाऱ्याच्या अंगावरील कपडा.

सिमरोलचे नाव आज येथील आय. आय. टी.मुळे देशभर पोहोचले आहे. परंतु ज्या इंदूरच्या छायेत हे गाव वाढले, ते मुळात कापडाचे शहर. होळकर संस्थानाने एकोणिसाव्या शतकातच तेथे कापडगिरणी उभारली. पुढे मालवा मिल, हुकुमचंद मिल अशा गिरण्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस उगवू लागला. कापड आणि वीज यांचे नातेही जुने आहे. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, तेव्हा त्या विजेचे मोठे गिऱ्हाईक मुंबईच्या कापडगिरण्याच होत्या. गिरणीतला कामगार कापड विणीत होता आणि त्याच्या यंत्राला वीज फिरवीत होती. पण त्या विजेपासून कोणते कापड त्याचे रक्षण करील, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगाराच्या कपड्याचा विचार केला, तो निराळ्या कारणाने. कलम २२ अन्वये चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे ठरले. भीती होती ती पट्ट्यात धोतराचा सोगा अडकण्याची. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३६ व्या नियमाने हातमोजे, रबरी बूट, सुरक्षापट्टा, शिडी, शिरस्त्राण अशी साधने नावानिशी सांगितली. तेथे भीती होती धक्क्याची आणि उंचीवरून पडण्याची. कपड्याचे नाव त्या यादीत नव्हते.

याचे कारण असे की, वीज स्पर्शाने मारते, अशीच आपली समजूत होती. प्रज्योत मात्र स्पर्शाची वाट पाहत नाही. दोन वाहकांमध्ये, किंवा वाहक आणि जमीन यांच्यामध्ये, हवेतूनच प्रवाह वाहू लागला की तेथील तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही कितीतरी पटींनी चढते. तांब्याची वाफ होते, ती क्षणात प्रचंड प्रसरण पावते आणि काही फुटांवर उभ्या असलेल्या माणसालाही भाजते.

हे मी पुस्तकातून शिकण्याआधी पाहिले. तरुणपणी मी एका कारखान्यात नोकरीस होतो. तेथे एक सहकारी ब्रेकर जागेवर सरकवीत असता भडका उडाला. रबरी हातमोज्यांतील त्याचे हात बचावले. अंगात मात्र टेरिलीनचा सदरा होता. तो जळून गळून पडला नाही. वितळून छातीला चिकटला. तो माणूस वाचला, पण पुढले कित्येक महिने त्याने रुग्णालयात काढले. सुती सदरा असता तर तोही कदाचित पेटला असता. पण वितळून कातडीत रुतला नसता.

या धोक्याचे गणित १९८२ साली राल्फ ली या अमेरिकन अभियंत्याने मांडले. विजेचा धक्का हा एक धोका. प्रज्योतीने भाजणे हा दुसरा, हे त्याने आपल्या निबंधाच्या शीर्षकातच सांगितले. त्याआधी ॲलिस स्टोल यांनी अमेरिकन नौदलासाठी केलेल्या संशोधनातून, किती उष्णतेने किती वेळात कातडीवर फोड येतो, हे निश्चित झाले होते. त्या दोहोंतून एक आकडा रूढ झाला : दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी. उघड्या कातडीवर फोड येण्यास एवढी उष्णता पुरते. मग कपडाही याच मापाने तोलला जाऊ लागला. आज ४, ८, २५ आणि ४० कॅलरी अशा चढत्या श्रेणींचे पोशाख ठरलेले आहेत. सर्वांत वरच्या श्रेणीत डोक्यापासून पायापर्यंत जाड पोशाख आणि चेहऱ्यावर काचेसारखा पडदा असलेली टोपी असते. त्यासाठी ज्वालारोधक प्रक्रिया केलेले सुती कापड वापरतात, किंवा १९६० च्या दशकात बाजारात आलेल्या नोमेक्ससारखे तंतू. ते पेटत राहत नाहीत आणि वितळून अंगाला चिकटत नाहीत.

तथापि एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. पोशाख हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे प्रवाह बंद करणे, तो बंद झाल्याची उपकरणाने खात्री करणे, कुलूप लावून किल्ली आपल्या खिशात ठेवणे आणि वाहक जमिनीशी जोडणे. चांगला पोशाख आहे म्हणून चालू वाहिनीवर हात घालणे, हे ढाल आहे म्हणून भांडण उकरून काढण्यासारखे आहे. आणि त्या ढालीची मर्यादाही ठरलेली असते. आठ कॅलरींचा पोशाख चाळीस कॅलरींच्या भडक्यापुढे टिकत नाही.

हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. इंदुरातले कित्येक माग थांबले, पण या शाळेची मुले आता पीथमपूरच्या कारखान्यांत आणि विजेच्या उपकेंद्रांत कामाला जातात. त्यांतील काही कायम नोकरीत असतात, पुष्कळशी कंत्राटावर. कायम कामगाराला पोशाख मिळतो आणि कंत्राटी कामगार घरच्या सदऱ्यात त्याच पॅनेलसमोर उभा राहतो, असे जेथे घडते, तेथे प्रज्योत मात्र दोघांत भेद करीत नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज अधिकाराच्या जागी आहेत, त्यांच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. आपल्या हाताखालचा माणूस पॅनेलचे दार उघडण्यापूर्वी त्याच्या हातमोज्यांकडे पाहाल, तेव्हा त्याच्या सदऱ्याकडेही पाहा. तो कशाचा आहे, हे विचारा. आमचे गुरुजी असते, तर त्यांनी प्रथम हाच प्रश्न विचारला असता.