गाठीतले ग्राही : कोल्हापूर ते परळ

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की पॅथॉलॉजीच्या अहवालात आणखी दोन नोंदी येतात : ईआर आणि पीआर. पहिली इस्ट्रोजेनच्या ग्राहीची, दुसरी प्रोजेस्टेरॉनच्या. ग्राही हे पेशीतले प्रथिन. संप्रेरक त्याला जाऊन चिकटले की पेशीच्या केंद्रकातली ठरावीक जनुके जागी होतात. गाठीत ईआर भरपूर असेल तर इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी लागू पडते. दोन्ही ग्राही नसतील तर केमोथेरपीसारख्या इतर उपचारांवर भिस्त ठेवावी लागते.

संप्रेरकांचा आणि या रोगाचा संबंध प्रथम ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यचिकित्सकाने दाखवला. बीजांडकोश काढून टाकल्यावर स्तनातल्या गाठी आटल्याचे त्यांनी १८९६ मध्ये जाहीर केले. असे का होते, याचा उलगडा व्हायला साठ वर्षे लागली. शिकागोत एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून ते कोणत्या अवयवांत टिकून राहते याचा माग काढला आणि ग्राहीचा शोध लागला. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेन या औषधाला मान्यता मिळाली, आणि कोणत्या गाठीत ग्राही आहेत हे आधी ओळखणे गरजेचे झाले.

महाराष्ट्रात या अभ्यासाचा पाया परळला घातला गेला. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली आणि १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खानोलकरांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे मूळच्या पुण्याच्या, हुजूरपागेत शिकलेल्या. त्यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला आणि आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचे परस्परसंबंध तपासले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धन शिकून त्या परतल्या आणि मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींना संप्रेरक देऊन काय घडते ते पाहण्याची सोय अशा प्रयोगशाळांमुळेच झाली.

ग्राही मोजण्याची सुरुवातीची पद्धत कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या रुग्णांच्या आवाक्यातली नव्हती. गाठ काढताच तिचा तुकडा गोठवावा लागे, कारण उबेत ग्राही झपाट्याने नष्ट होतात. नंतर प्रतिपिंडांनी रंगवण्याची पद्धत आली आणि मेणात बसवलेल्या तुकड्याचा साधा ब्लॉकही पुरेसा ठरू लागला. असा ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो; नातेवाईक तो पिशवीत घालून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला नेऊ शकतात. त्याचा पातळ काप काचेवर घेऊन रंगवला की ग्राही असलेल्या पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात. २०१० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार १०० पैकी एका पेशीचे केंद्रक रंगले तरी गाठ पॉझिटिव्ह धरली जाते.

मात्र खरी परीक्षा शस्त्रक्रियागृहातच होते. काढलेली गाठ टिकवण्यासाठी ती फॉर्मालिनमध्ये ठेवतात. हे द्रावण ऊतकात तासाला साधारण १ मिलिमीटर इतक्याच गतीने शिरते. मोठी गाठ न कापता तशीच बरणीत टाकली, तर आतला भाग फॉर्मालिन पोचण्याआधीच सडू लागतो आणि असलेले ग्राहीही नसल्यासारखे दिसतात. टाटा रुग्णालयाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७९८ गाठींच्या पाहणीत ईआर ३२.६ टक्के आणि पीआर ४६.१ टक्के गाठींत आढळले. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हे प्रमाण बरेच कमी होते. रुग्णांचे कमी वय हे त्याचे एक कारण. पण पीआर सहसा ईआरच्या हुकुमानेच तयार होतो, हे अमेरिकेत १९७५ मध्येच मांडले गेले होते. तो ईआरपेक्षा जास्त गाठींत दिसावा, ही गोष्ट ऊतकाच्या हाताळणीबद्दल शंका घेण्याजोगी होती. चुकीने निगेटिव्ह ठरलेली बाई स्वस्त आणि गुणकारी गोळीला मुकते. म्हणून बरणीतल्या फॉर्मालिनचे मोल औषधाइतकेच आहे.

पेशीच्या आतही ग्राहींचे प्रमाण कायम नसते. ईआरचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या आरंभस्थानी मिथाइल गट बसले की ते मुके होते. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९९४ मध्ये ईआर नसलेल्या कर्कपेशींत हे दाखवले. गाटा-३ आणि फॉक्सए-१ ही प्रथिने ईआरच्या कामाला हातभार लावतात. इस्ट्रोजेन चिकटल्यावर काम उरकलेल्या ईआरची पेशी स्वतःच विल्हेवाट लावते. फुलवेस्ट्रंट हे औषध ईआरला याच वाटेने संपवते.

प्रोजेस्टेरॉनच्या बाबतीत या कहाणीचा एक महत्त्वाचा दुवा महाराष्ट्रात सापडला. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी टाटा रुग्णालयात १००० स्त्रियांची चाचणी घेतली. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एक इंजेक्शन दिले. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांत मिळून ठळक फरक दिसला नाही. काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोचलेल्या स्त्रियांत मात्र पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण ५४.७ वरून ६५.३ टक्क्यांवर गेले. हे संप्रेरक पेशीत नेमके काय करते, याचा शोध खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा केंद्राच्या संशोधन संस्थेत डॉ. अमित दत्त यांच्या गटाने घेतला. प्रोजेस्टेरॉन मिळाल्यावर कर्कपेशीत मिर-१२९-२ हा सूक्ष्म आरएनए वाढतो आणि तोच पीआरचे उत्पादन खाली आणतो, असे त्यांनी २०१७ मध्ये दाखवले. म्हणजे संप्रेरक स्वतःच्याच ग्राहीला लगाम घालते. अहवालातली पीआरची नोंद त्यामुळे त्या दिवशीच्या पेशीची स्थिती सांगते. रोग उलटला तर गाठीचा नवा तुकडा घेऊन ईआर आणि पीआर पुन्हा तपासतात, ते यासाठीच.